तीन कोऱ्या ओळी

ओसाकातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत माझी ओळख करून देताना दरवर्षी सगळ्यांची पंचाईत होते. "ह्या कुलकर्णी, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. हे देसाई, युनिव्हर्सिटीत. आणि ह्या आसावरीताई, ह्या... गाण्यातल्या." मग एखाद्या काकू आरतीनंतर भावगीत म्हणायचा आग्रह धरतात. मला सांगावं लागतं की मी गायिका नाही, बास गिटार वाजवते, रॉक बँडमध्ये.

"म्हणजे गिटारच ना?"

"नाही, बास. चारच तारा असतात."

"मग बाकीच्या दोन कुठे गेल्या?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता मी "कस्टमवाल्यांनी ठेवून घेतल्या" असं सांगते. काही जणांना ते पटतं.

पन्नाशी उलटली आहे. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. अ‍ॅम्प्लिफायर उचलून उचलून कंबर गेली आहे, तरी वाजवते. आणि लिहितेही, जपानीत, संगीताच्या मासिकांतून. एका हाताने बँडमध्ये वाजवायचं आणि दुसऱ्या हाताने बँडबद्दल लिहायचं, हे बरं नव्हे असं मला इथे पुष्कळांनी पुष्कळ नम्रपणे सांगितलंय. मी त्यांच्या नाकावर टिच्चून दोन्ही केलं. त्यातून जे निस्तरावं लागलं त्यातलं एक प्रकरण इथे सांगते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "हलकंफुलकं चालेल" असं कळवलंय. ते हलकं आहे का, हे वाचून तुम्हीच ठरवा.

मी मूळची इचलकरंजीची. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग, त्यामुळे ड्रम्सच्या आवाजाचं मला कधी काही वाटलं नाही. उलट शांततेत झोप यायची नाही. पुण्यात जपानी शिकले, भाषांतरकार म्हणून ओसाकाच्या एका कंपनीत आले, आणि तिसऱ्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीबरोबर एका लाइव्ह हाउसमध्ये गेले. तिथेच बास हातात घेतला आणि जी अडकले ती आजतागायत.

लाइव्ह हाउस म्हणजे तळघरातली, शंभर-दोनशे माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी खोली. जिना असा अरुंद की अ‍ॅम्प घेऊन उतरताना समोरून कुणी आलं तर दोघांतल्या एकानं मागे फिरायचं. बँडनं दुपारी तीनला आत शिरायचं आणि 'सुप्रभात' म्हणायचं. संध्याकाळी सहाला आलात तरी सुप्रभातच, कारण आपला दिवस तिथे सुरू होतो. पहिल्या वेळी मी मान लववून 'शुभ दुपार' म्हणाले, तर साउंडवाले काका वीजमीटर बघायला आलेल्या बाईकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

तालीम उलट्या क्रमानं होते. शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी, आणि पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडामांड तशीच राहते आणि दार उघडलं की सुरू. शिवाय प्रत्येक बँडनं स्टेजचा नकाशा द्यायचा. कोण कुठे उभं राहणार, कुणासमोर माइक, कुणाला किती तारा लागणार. ज्या बँडबद्दल सांगतेय त्याच्या नकाशात डाव्या हाताला एक चौकोन असे, त्यात लिहिलेलं असे 'सपोर्ट बास', आणि त्याच्यासमोर कोरसचा एक माइक. तो चौकोन म्हणजे मी. चौकोनात नाव नसे.

सपोर्ट म्हणजे काय ते सांगते. बँडमधला एखादा माणूस सोडून जातो, त्याच्या जागी दुसरा वाजवायला घेतात, पण तो बँडचा सदस्य होत नाही. तालमीला असतो, स्टेजवर असतो, रेकॉर्डिंगलाही असतो. फोटोच्या वेळी बाजूला होतो. मी अकरा वर्षं बाजूला होत होते. फोटोग्राफरला सांगावंसुद्धा लागायचं नाही, त्यानं कॅमेरा उचलला की मी आपण होऊन पाण्याची बाटली शोधायला जायची.

बँडचं नाव सांगत नाही. केंता गायचा आणि गिटार वाजवायचा. मिओ ड्रम्सवर. तिसरा होता तो वडिलांचं दुकान सांभाळायला गावी गेला, आणि त्याच्या जागी मी उभी राहिले.

लिहिणं कसं सुरू झालं, तेही सांगायला हवं. एका संगीत मासिकाचे संपादक, ओकादा-सान, आमच्या तळघरात येत. बाह्या दुमडलेल्या, शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी. एकदा मी त्यांना म्हटलं, "तुमच्या मासिकात सगळेच बँड उत्तम कसे? आमच्याकडे एका लग्नाच्या जेवणावरसुद्धा याहून खरं परीक्षण होतं." ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "मग ते तुम्ही लिहा." अर्धं पान दिलं. मी पहिल्याच महिन्यात लिहिलं की अमुक बँडचे प्रेक्षक सगळे एकाच वेळी एकच हात वर करतात, ही मैफल आहे की शाळेची कवायत? रागाची पत्रं आली. ओकादा-साननी ती एका पाकिटात घालून मला भेट दिली आणि म्हणाले, "आता तुम्ही मुलाखती घ्या."

मुलाखतीचा इथला नियम मात्र आपल्याकडच्या कुठल्याही पत्रकाराला पचणार नाही. लेख लिहून झाला की छापण्याआधी ज्याची मुलाखत घेतली त्याच्या ऑफिसकडे तपासायला पाठवायचा. ऑफिस म्हणजे बँडचा कारभार बघणारी कंपनी. लेख लाल शाईत परत येतो. जे नको ते खोडलेलं असतं आणि ते निमूट काढायचं असतं. आणि खरी गंमत पुढे आहे. इथल्या मासिकांत ओळीत किती अक्षरं, पानात किती ओळी हे सगळं मोजून बांधलेलं असतं. तीन ओळी खोडल्या तर लेखकानं दुसऱ्या तीन ओळी लिहून भोक बुजवायचं. वाचणाऱ्याला इथे काही होतं याचा पत्ताही लागता कामा नये. मी त्यात लवकरच तरबेज झाले.

आता ते गाणं. मिओ राहायची त्या खोलीच्या खालीच रेल्वेचं फाटक होतं. गाडी यायची झाली की घंटा वाजायची, कान कान कान कान. एका रविवारी तालमीच्या खोलीत ती त्या घंटेच्या ठेक्यावर काठ्या टिपऱ्यांसारख्या वाजवत काहीतरी गुणगुणत होती. केंता थांबला. म्हणाला, "हे काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही. घराजवळचं फाटक." केंतानं फोन पुढे धरला, ती लाजत लाजत पुन्हा गुणगुणली, अख्खी चाल, वरपासून खालपर्यंत. केंतानं त्यावर शब्द लिहिले. मी काय, मागे उभी राहून चार तारा वाजवत होते. ते गाणं पुढे एका जाहिरातीत वाजलं आणि घराघरांत गेलं. रेकॉर्डवर छापलं होतं: शब्द आणि संगीत, केंता.

का? तर ऑफिसचं म्हणणं, गोष्ट सोपी हवी. एक बँड, एक प्रतिभावंत. मागे ड्रम वाजवणारी मुलगी गोड दिसते, तेवढं पुरे.

गाणं गाजल्यावर ओकादा-साननी मला बँडची मुलाखत घ्यायला सांगितलं. मी त्याच बँडमध्ये वाजवत होते, पण फोटोत नव्हते, म्हणून चालून गेलं. केंता माणूस वाईट नव्हता. टेप चालू असताना त्यानं आपण होऊन सांगितलं, "ती चाल खरं तर मिओची आहे. तिच्या घराजवळच्या फाटकाच्या घंटेवरून तिला सुचली." मी ते जसंच्या तसं लिहिलं. मोजून तीन ओळी झाल्या.

दोन दिवसांनी ऑफिसच्या शिमिझु-सानचा फोन आला. फार सभ्य गृहस्थ. प्रत्येक तालमीला मिठाईचा खोका घेऊन यायचे. 'आसावरी' इथे कुणाला जमत नाही, म्हणून सगळ्यांसारखेच तेही मला आसा-सान म्हणत.

"आसा-सान, लेख अप्रतिम झालाय. फक्त तो फाटकाचा भाग थोडा अवघड आहे."

'थोडं अवघड आहे' याचा इथला अर्थ 'नाही'. यापेक्षा स्पष्ट 'नाही' मी या देशात फार क्वचित ऐकलंय.

"पण ते केंता-साननी स्वतः सांगितलंय. टेपवर आहे."

"हो, हो. म्हणूनच थोडं अवघड आहे."

मी केंताला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "तुम्ही म्हणाल तसं." मिओला विचारलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. मला तो बँड हवा होता. ते अर्धं पानही हवं होतं. मूग गिळले आणि भोक बुजवायला बसले. मोजून तीन ओळी हव्या होत्या, वेळ दुपारपर्यंतचा, आणि डोक्यात काही येईना. खाली रस्त्यावर ताकोयाकीची गाडी उभी होती. ताकोयाकी म्हणजे ओसाकाचे आप्पेच म्हणा, तसल्याच खळग्यांच्या तव्यात करतात, फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा. मी लिहिलं: "ड्रमर मिओ-सानना ताकोयाकी भारी आवडतात. तालमीनंतर एकटीच एक खोका संपवतात, असं हसत हसत सांगितलं." अक्षरं बरोबर बसली. ओकादा-साननी पट्टी लावून बघितलं आणि म्हणाले, "सफाईदार." मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे लिहिताना आजही लाज वाटते.

अंक आला तेव्हा मिओनं तो तालमीच्या खोलीत, ड्रम्समागे बसून वाचला. पान उलटलं, परत मागे आली, परत वाचलं.

"आसा-सान, मी ऑक्टोपस खात नाही," ती म्हणाली.

एवढंच. मग तिनं काठ्या उचलल्या, चार आकडे मोजले आणि आम्ही वाजवायला लागलो.

त्यानंतरची दहा वर्षं काय सांगू! चाहते भाबडे असतात, छापलेलं खरं मानतात. प्रत्येक कार्यक्रमाला कुणी ना कुणी मिओसाठी ताकोयाकी घेऊन यायचं. गरम खोके, ताकोयाकीची की-चेन, ताकोयाकीचे मोजे, एका बाईंनी स्वतः विणलेली ताकोयाकीची टोपी. एकदा तर टेबलाएवढी गोल उशी आली. मिओ प्रत्येकापुढे कमरेत वाकून आभार मानायची आणि खोके साउंडवाल्या काकांना द्यायची. ती उशी फेकायची कशी हा प्रश्न पडला, कारण इथे कचऱ्याच्या प्रत्येक जातीला वेगळा वार असतो. तिनं मला गंभीरपणे विचारलं, "आसा-सान, ही जळणारा कचरा की मोठा कचरा?" मी म्हटलं, "मोठा." तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं एकदा भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मला सारखी आईची आठवण यायची. आमच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नांची मंगलाष्टकं आईनं रचलेली. छापील कागदावर नाव मोठ्या काकांचं. मांडवात काका खड्या आवाजात म्हणायचे, लोक वाहवा करायचे, आणि आई त्या वेळी अक्षता वाटत फिरत असायची. शाळेत असताना मी तिला विचारलं होतं, "तुझं नाव का नाही?" ती म्हणाली, "अगं, लग्न लागलं ना वेळेवर? मग झालं." मला काकांपेक्षा आईचाच जास्त राग आला होता. मी अशी गप्प राहणार नाही, असं तेव्हा ठरवलं होतं. आणि मग एवढा समुद्र ओलांडून आले, विजेवर चालणारं वाद्य गळ्यात अडकवलं, आणि करून करून काय केलं, तर दुसऱ्या बाईचं नाव खोडून तिथे ऑक्टोपस भरला.

दोन वर्षांपूर्वी बँडला पंधरा वर्षं झाली. मासिकानं चार पानं द्यायचं ठरवलं आणि मुलाखत पुन्हा माझ्याकडे आली. ओकादा-सान त्या वर्षअखेर निवृत्त होणार होते. तालमीच्या खोलीतच बसलो, दुपारी, मधे टेप. त्या गाण्याचा विषय निघाला. केंतानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मिओ बोलली.

"त्या गाण्याची चाल माझी आहे."

इतक्या वर्षांत तिनं हे स्वतः पहिल्यांदा म्हटलं. आवाज इतका बारीक की मी टेप जवळ सरकवली. केंता मान हलवून म्हणाला, "हो. तिचीच आहे."

या वेळी मी विचारलं. "मिओ, छापू का?"

"छापा."

"लाल शाई येईल."

"येऊ दे. तुम्ही छापा."

पुन्हा मोजून तीनच ओळी झाल्या. मी मुद्दाम केल्या नव्हत्या. पाठवल्या, आणि तिसऱ्या दिवशी लेख परत आला. बाकी सगळ्या लेखात एकही खूण नव्हती, फक्त त्या तीन ओळींवर लाल रेघ, पट्टी धरून मारलेली. केंताचा मेसेज आला, त्यात शब्द नव्हते, इमोजीतला वाकून माफी मागणारा छोटा माणूस तेवढा होता. मग शिमिझु-सानचा फोन.

"आसा-सान, तुम्हाला आमची अडचण कळतेच. जुनी गोष्ट आहे. आता रेकॉर्डवर काही बदलणं..."

"थोडं अवघड आहे," मी म्हटलं.

"अगदी बरोबर." त्यांना हायसं वाटलं.

"ठीक आहे, ओळी काढते. लाल शाई मला मान्य आहे."

"फार फार आभार."

"पण भोक बुजवणार नाही."

पलीकडून मला फक्त त्यांच्या ऑफिसातला प्रिंटर ऐकू आला.

तशीच उठून मी मासिकाच्या कार्यालयात गेले. ओकादा-सानना म्हटलं की खोडलेलं मी छापत नाही, नियम नियम आहे. पण भरा असं जे म्हणता ते माझ्याकडून होणार नाही. त्या तीन ओळी कोऱ्या जातील.

"आसा-सान, या खुर्चीत मला तीस वर्षं होत आली. पानात भोक कधी सोडलेलं नाही."

"माहीत आहे."

"मी स्वतः भरू शकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"भरा. मग लेखावरचं माझं नाव काढा. आणि मागच्या वेळी मी काय भरलं होतं ते तुम्हाला आठवत असेल तर सांगते, ते खोटं होतं. तुम्ही 'सफाईदार' म्हणाला होतात."

हे मी फार मोठ्यानं बोलले. त्या कार्यालयात मोठ्यानं बोलायची पद्धत नाही. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं टाइप करणं थांबवलं. ओकादा-साननी खिशातून पट्टी काढली, पानावर ठेवली, त्या जागेची रुंदी मोजली आणि पट्टी परत खिशात घातली. "तुम्ही घरी जा," म्हणाले.

पुढचं मला त्या टाइप करणाऱ्या मुलीनं नंतर सांगितलं. ओकादा-साननी बांधलेलं पान, कोऱ्या जागेसकट, ऑफिसला अखेरच्या तपासणीसाठी पाठवलं. शिमिझु-सानचा लगेच फोन. इथे काहीतरी सुटलंय. ओकादा-सान म्हणाले, "सुटलेलं नाही. तुम्ही खोडलंत ते आम्ही काढलं. त्या जागी दुसरं खरं काही असेल तर पाठवा, तीन ओळी, जरूर छापू." तासाभरात ऑफिसकडून तीन ओळी आल्या. त्यांत होतं की ड्रमर मिओ-सानना आजही ताकोयाकी तितकेच आवडतात.

ओकादा-साननी मला फोन केला. एकच प्रश्न विचारला. "हे खरं आहे का?"

"नाही. ती ऑक्टोपस खात नाही."

"बरं."

त्यांनी तो कागद घेतला, आयुष्यभर दुसऱ्यांची लाल शाई सोसलेल्या त्या माणसानं स्वतः लाल पेन उचललं, तीन ओळींवर रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'तपशिलात चूक'. कागद ऑफिसला परत गेला. दुसरं काही सुचेपर्यंत पान छापखान्यात पोहोचलं होतं.

अंक आला. जपानी मासिकात ओळी उभ्या असतात, त्यामुळे भरगच्च पानाच्या मधोमध वरून खालपर्यंत एक पांढरा पट्टा, पडलेल्या दातासारखा. एवढ्या नीटनेटक्या देशात असं पान कुणी बघितलं नव्हतं. लोकांनी फोटो काढले, एकमेकांना पाठवले, मासिकाला फोन केले की माझ्या प्रतीत छपाई उडाली आहे का. टाइप करणारी ती मुलगी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "नाही, सगळ्याच प्रतींत तशी आहे."

मला एका आठवड्यात ऑफिसची ईमेल आली. इतकी वर्षं दिलेल्या साथीबद्दल मनःपूर्वक आभार, यापुढे बँड वेगळ्या ध्वनीच्या शोधात आहे. ओकादा-सान निवृत्त झाले आणि नव्या संपादकांनी माझं अर्धं पान बंद केलं, तेही मनःपूर्वक आभार मानूनच. गणपतीत एक काकू म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतलंस गं? तीन ओळींसाठी!" मी म्हटलं, "काकू, दहा वर्षांपूर्वीच करून घ्यायला हवं होतं. उशीर झाला एवढंच वाईट वाटतंय." त्यांनी मला जास्तीचा मोदक वाढला. मोदक वाढला की विषय संपला, ही आपली पद्धत.

अंक आल्यावर महिन्याभरानं, एका रविवारी, बँडचा ओसाकात कार्यक्रम होता. मी तिकीट काढून गेले. इतक्या वर्षांत त्या बँडला समोरून कधी बघितलंच नव्हतं. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या चौकोनात एक उंच मुलगा बास वाजवत होता, वाईट नव्हता. गर्दीत दोघातिघांच्या हातात ते पान होतं.

मधे केंतानं सदस्यांची ओळख करून दिली. "ड्रम्स, मिओ!" टाळ्या झाल्या. अशा वेळी ड्रमरनं एक छोटी गडगड वाजवायची असते. मिओनं वाजवली नाही. तिनं काठ्या ठेवल्या आणि उठली. ड्रमरसमोर माइक नसतो. ती ड्रम्सना वळसा घालून डाव्या हाताला आली, त्या उंच मुलाला किंचित वाकून नमस्कार केला आणि कोरसच्या माइकसमोर उभी राहिली. माझ्या माइकसमोर. केंतानं गिटारचा आवाज बंद केला. शिमिझु-सान पडद्याच्या कडेला दिसत होते, हातात मिठाईचा खोका.

"मला ऑक्टोपस आवडत नाही," मिओ म्हणाली.

लोक हसले. टोपी विणणाऱ्या बाई पुढेच होत्या, त्यांनी तोंडावर हात धरला. मिओनं त्यांच्यापुढे मान लववली. "टोपी मात्र हिवाळ्यात वापरते. आभार." पुन्हा हशा. मग तो थांबेपर्यंत ती थांबली.

"त्या तीन ओळींत लिहिलं होतं की पुढच्या गाण्याची चाल माझी आहे."

ती परत गेली, बसली, काठ्या उचलल्या आणि फाटकाची घंटा सुरू झाली. कान कान कान कान. आधी कुणी हललंच नाही. मग हात वर झाले, पण मी कवायत म्हणून थट्टा केली होती तसे एकाच वेळी नव्हे, तर वेडेवाकडे, जसे जमतील तसे. मी भिंतीला टेकून रडत होते. पन्नाशीच्या बाईनं तळघरात उभं राहून रडावं, चांगलं हमसून.

रेकॉर्डवर अजून 'शब्द आणि संगीत, केंता' असंच आहे. मिओ त्यासाठी भांडते आहे, आता मोठ्या आवाजात. केंता तिच्या बाजूनं बोलायला लागलाय, आता टेप चालू नसतानाही. मी दुसऱ्या दोन बँडांत वाजवते, आणि एका छोट्या मासिकात लिहिते. तिथे तपासणीला पाठवतानाच वर लिहून देते: खोडलंत तर जागा कोरी राहील. आतापर्यंत कुणी काही खोडलेलं नाही.

हा लेख मात्र मी आपण होऊन तपासायला पाठवला, फक्त एका व्यक्तीकडे. मागच्या रविवारी मिओच्या खोलीत बसून सगळा जपानीत वाचून दाखवला. खाली फाटकाची घंटा मधूनमधून वाजत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "एक चूक आहे." तिनं लाल पेन मागितलं आणि एका वाक्यावर बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. तिला देवनागरी येत नाही, तरी तिनं त्या वाक्याखाली सरळ रेघ ओढली. 'मी काय, मागे उभी राहून चार तारा वाजवत होते' ते वाक्य.

"त्या दिवशी मी फक्त चाल गुणगुणले होते. ते गाणं लोक ज्याच्यावर डोलतात ते खालचं सगळं कुणाचं आहे?"

"अगं, ते सपोर्टचं कामच असतं."

"आसा-सान," ती म्हणाली, "तीन ओळी मी तुमच्यासाठी राखून ठेवते आहे. भरणार की कोऱ्या सोडणार?"

आई अजून इचलकरंजीत आहे. तिला अंक पाठवीन, म्हणून भरते. त्या गाण्यातला बास माझा आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत मी रचला आहे. माझं नाव आसावरी.